ऑनलाइन फॅन्डमच्या मैत्रिणीबरोबर पुणं पाहायचंय? खान्देशातून निघण्याआधी हा क्रम लावा

फॅन्डमच्या, म्हणजे एखाद्या मालिकेच्या किंवा पुस्तकाच्या चाहत्यांच्या, ग्रुपवर वर्ष-दोन वर्षं गप्पा झालेल्या असतात. कुठला भाग भारी, कुठल्या पात्रावर अन्याय झाला, यावर रात्री जागवलेल्या असतात. मग ठरतं, पुण्यात भेटू, पुणंही बघू. जळगाव-धुळे-नंदुरबारकडून निघणाऱ्यांचं गणित इथंच चुकतं. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, पहाटे उतरायचं, आठ वाजता आयुष्यात पहिल्यांदा समोरासमोर यायचं आणि परतीची बस सुटेपर्यंत एकमेकींना सोडायचं नाही, असा बेत असतो. दुपारी तीनला दोघी गप्प होतात, पायाचे तुकडे पडलेले असतात आणि शनिवारवाड्यापलीकडे काही पाहून झालेलं नसतं.

म्हणून बेत दोन दिवसांचा करा. पहिल्या दिवशी भेट, तीही छोटी. शहराचा मोठा फेरफटका दुसऱ्या दिवशी. हाताशी एकच दिवस असेल तर पाहायच्या जागा अर्ध्यावर आणा. पहिल्या तीन टप्प्यांतलं मात्र काही गाळू नका. लेखात सोयीसाठी ‘मैत्रीण’ म्हटलंय, मित्रालाही हेच लागू. वय अठराच्या आत असेल तर घरातलं मोठं माणूस सोबत हवंच, त्यात तडजोड नाही.

## टप्पा १ : तिकिटाआधी माणसाची खात्री

चॅटवरची ओळख कितीही जुनी असो, तिकीट काढण्याआधी किमान दोन व्हिडिओ कॉल झाले पाहिजेत. एक घरात बसून, निवांत. दुसरा ती बाहेर असताना, म्हणजे कॉलेजात, रस्त्यावर, बसस्टॉपवर. ‘कॅमेरा बिघडलाय’ एकदा चालतं. तिसऱ्यांदा तेच ऐकलं तर पुण्याचा बेत बाजूला ठेवा.

ग्रुपमधलं दुसरं कुणी तिला प्रत्यक्ष भेटलंय का, हे उघड विचारा. यात संकोच वाटायचं कारण नाही. तीही तुमच्याबद्दल हेच विचारत असेल. खरं नाव, राहण्याचा भाग, शिक्षण किंवा नोकरी एवढं दोघींना माहीत हवं. पूर्ण पत्ता लागत नाही.

दोन गोष्टी आत्ताच बोलून घ्या. पहिली, हाक काय मारायची? ग्रुपवरचं टोपणनाव भर रस्त्यात ओरडलेलं सगळ्यांना रुचत नाही. दुसरी, भेटीबद्दल ग्रुपला सांगायचं का? काही जणींच्या घरी किंवा ऑफिसात फॅन्डमचं काहीच माहीत नसतं आणि एका फोटोवरून नको ते प्रश्न सुरू होतात.

सावध : ‘हॉटेल मी बुक करते, तू पैसे टाक’ किंवा ‘आधारचा फोटो पाठव’ यातलं काहीही पहिल्या भेटीआधी करू नका. आपापलं तिकीट आणि आपापला मुक्काम आपणच काढायचा.

## टप्पा २ : घरी खरं सांगणं

‘कॉलेजची ट्रिप आहे’ ही थाप सोपी वाटते. पण फोन बंद पडला की घरचे भलत्याच माणसाला फोन लावत बसतात. त्यापेक्षा खरं सांगा आणि एका कागदावर चार गोष्टी लिहून द्या: मैत्रिणीचं नाव-नंबर (तिला विचारून), मुक्कामाचं ठिकाण, जाण्या-येण्याच्या गाडीची वेळ आणि रोज रात्री फोन करायची वेळ. कागदच द्या. व्हॉट्सअॅपवरचा मेसेज शंभर ‘शुभ सकाळ’खाली गाडला जातो.

आईचं आणि मैत्रिणीचं दोन मिनिटं व्हिडिओवर बोलणं झालं तर निम्मी लढाई जिंकली. तिकडून ‘काकू, नमस्कार’ आलं की इकडचा आवाज लगेच मऊ होतो. ग्रुपवर तुम्ही तिला ‘ए गधडे’ म्हणत असलात तरी तिच्या आई-वडिलांसमोर जरा बेतानं. वयात सात-आठ वर्षांचं अंतर असेल तर ‘ताई’ म्हणायचं की नावानं बोलवायचं, हे तिलाच विचारा.

## टप्पा ३ : दिवस, गाडी, मुक्काम. याच क्रमाने

दिवस. सगळे शनिवार-रविवार धरतात. रविवारी पेठांमधली पुस्तकांची बरीच दुकानं बंद, संस्था बंद आणि शनिवारवाड्यावर मात्र जत्रा. शुक्रवार-शनिवार धरा. गणेशोत्सवाचे दिवस आणि आषाढातल्या पालख्यांच्या मुक्कामाचे दिवस पहिल्या भेटीसाठी टाळा. रस्ते बंद असतात आणि गर्दीत फोन लागत नाही. उत्सव पाहायचाच असेल तर तो वेगळा बेत. मैत्रीण स्पर्धा परीक्षेची तयारी करत सदाशिव पेठेत राहत असेल तर तारीख तिच्या परीक्षेच्या वेळापत्रकावरून ठरवा. अभ्यासिकेतून ओढून काढलेलं माणूस धड फिरत नाही आणि धड बोलतही नाही.

गाडी. भुसावळ-जळगावहून पुण्याच्या बऱ्याच गाड्या मनमाड-अहिल्यानगर-दौंडमार्गे जातात. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ते हुकलं तर तत्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलितसाठी सकाळी १० आणि स्लीपरसाठी ११ वाजता. एसटीत महिलांना अर्धं तिकीट असतं, २०२३ पासून. ओळखपत्र जवळ ठेवा. एसटी पुण्यात नेमकी कुठं सोडणार, वाकडेवाडीला की आणखी कुठं, हे तिकीट काढतानाच विचारा.

जळगावहून संभाजीनगरमार्गे येणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्स नगर रस्त्याने वाघोलीहून पुण्यात शिरतात. झोपेत सगळे शेवटच्या थांब्यापर्यंत जातात आणि तिथं रिक्षावाल्यांच्या गराड्यात सापडतात. त्यापेक्षा बस रामवाडीला थांबते का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. रामवाडीहून वनाजकडे जाणारी मेट्रो थेट डेक्कन जिमखान्याला नेते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. पहाटे चारला उतरलात तर रस्त्यावर उभं राहण्यापेक्षा रेल्वे स्टेशनच्या प्रतीक्षालयात बसलेलं बरं.

मुक्काम. ‘ती होस्टेलवर आहे, तिच्याकडेच टाकू पथारी’ या भरवशावर कुणी निघू नये. होस्टेल असो की पीजी, बाहेरच्या पाहुण्याला सहसा रात्री राहू देत नाहीत आणि नियम मोडल्याचा भुर्दंड तिला पडतो. डेक्कन किंवा शिवाजीनगरच्या बाजूला स्वतःची खोली घ्या. बुकिंगच्या वेळी फोन करून तीन प्रश्न: सकाळी सातला खोली मिळेल का, सामान ठेवता येईल का, भेटायला आलेल्याला खालच्या बैठकीत बसू देता का? ओळखपत्र म्हणून मास्क्ड आधार दाखवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. कुणी अडून बसलं तर ड्रायव्हिंग लायसन्स पुढे करा.

बॅग. खान्देशातून रिकाम्या हातानं जायचं नाही, हे खरं. पण वांग्याचं भरीत रात्रभर बंद डब्यात राहिलं की सकाळी झाकण उघडताच आंबूस वास येतो आणि तेल सुटून कपड्यांना लागलेलं असतं ते वेगळंच. केळीचे वेफर्स, शेव, उडदाचे पापड, कोरडा ठेचा न्या. केळी न्यायचीच तर कच्चट फणी, बॅगेत सगळ्यात वर. फॅन्डमचं सामान, म्हणजे पोस्टर, बॅज, नकली तलवार वगैरे: पोस्टर नळीत घाला, तलवार घरीच ठेवा. मेट्रोत बॅग मशीनमधून जाते आणि प्लास्टिकचं पातंही अडवलं जातं.

तपासणी : परतीचं तिकीट काढलेलं आहे? मुक्कामाचा फोन नंबर कागदावर आहे? पंधराशे-दोन हजार रोख वेगळ्या कप्प्यात आहेत? तिन्हीला ‘हो’ आलं तर पुढे.

## टप्पा ४ : नावांचा घोळ आधीच सोडवा

सगळ्यात जास्त वेळ इथं वाया जातो. म्हणून हा टप्पा निवांत वाचा, नकाशा उघडून.

‘डेक्कनला भेटू’ या वाक्याचे किमान तीन अर्थ होतात. पुणेकर ‘डेक्कन’ म्हणतो तेव्हा डेक्कन जिमखान्याचा चौक आणि बसस्टॉप. मेट्रोचं डेक्कन जिमखाना स्टेशन नदीच्या काठाला, जंगली महाराज रस्त्याच्या मागल्या अंगाला. आणि डेक्कन कॉलेज? ते येरवड्यात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. नवखा माणूस नकाशात ‘डेक्कन’ टाकतो, पहिला पर्याय दाबतो आणि भलतीकडे पोचतो.

‘शिवाजीनगर’ म्हणजे रेल्वे स्टेशन, मेट्रो स्टेशन की एसटी? ‘भांडारकर’ म्हणजे भांडारकर रस्ता की भांडारकर संस्था? संस्था लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, भांडारकर रस्त्यावर शोधत फिरू नका. ‘एफसी’ म्हणजे फर्ग्युसन कॉलेज की अख्खा फर्ग्युसन रस्ता? ‘एबीसी’ म्हणजे अप्पा बळवंत चौक, हे एक मात्र सरळ. आणि ‘युनिव्हर्सिटी’ म्हटलं तर कुठलं गेट, हे विचाराच. आवार ४११ एकरांचं आहे, चुकीच्या गेटवर उतरलात तर पायपीट ठरलेली.

उपाय साधा आहे. मैत्रिणीकडून नकाशावरची लोकेशन पिन मागवा आणि सोबत एक खूण: कुठल्या स्टेशनचं कुठलं बाहेर पडायचं दार, समोर काय दिसतं. मग तो भाग फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा.

आणखी एक. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता दोन्ही एकेरी, एकमेकांच्या उलट्या दिशेचे. एकावरून दुसऱ्यावर रिक्षाने गेलात तर वळसा पडतो. मधल्या गल्लीतून चालत पाच-सात मिनिटं लागतात.

## टप्पा ५ : पहिला दिवस, फक्त तीन तास

सकाळी पोचल्यावर लगेच भेटायचं नाही. आंघोळ, नाश्ता, दोन तास झोप. रात्रभर बसमध्ये हेलकावे खाल्लेला माणूस चिडचिडा होतो आणि पहिली छाप तीच पडते.

१. अकराची वेळ ठेवा, दिवसाउजेडी, गर्दीच्या जागी. गुडलक चौक सोयीचा. निघताना घरच्यांना व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन टाका. ते जास्तीत जास्त आठ तास चालतं, नंतर आपोआप बंद होतं. संध्याकाळी पुन्हा सुरू केलं नाही की घरी घाबरगुंडी उडते.

२. आधी बसा, मग चाला. अर्धा तास चहा-बनमस्का. चॅटवर धबधब्यासारखी बोलणारी माणसं समोर आल्यावर बावचळतात. चॅटवर उत्तर सुचायला वेळ मिळतो, टेबलावर मिळत नाही. शांतता पडली तर पडू द्या, उगाच बडबड करून ती भरू नका. मधेच तुमच्या तोंडून अहिराणी निघाली तरी बिघडत नाही, उलट पुढची दहा मिनिटं विषय मिळतो.

३. फर्ग्युसन कॉलेज. १८८५ चं कॉलेज आहे, पण आजही भरतं. फाटकावर सुरक्षारक्षक विचारतो. ओळखपत्र दाखवा, ‘आवार पाहायचंय’ सांगा, नाही म्हटला तर वाद घालू नका. आत सोडलं तर वर्ग चालू असलेल्या इमारतींच्या व्हरांड्यात घुसून फोटो काढणं वर्ज्य.

४. पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यावरच, रहदारीच्या पातळीखाली, एकाच खडकात कोरलेली आठव्या शतकातली लेणी. अर्धा तास पुरतो. दगड थंड, सावली भरपूर. खऱ्या गप्पा बहुतेकदा इथं सुरू होतात. चप्पल बाहेर काढावी लागते, म्हणून बुटांच्या नाड्या बांधत बसायला लागणारे बूट नकोत.

५. दोन वाजता थांबा. जेवण एकत्र किंवा वेगळं, पण नंतर आपापल्या ठिकाणी जायचं. ‘मी आता जरा पडते, संध्याकाळी मेसेज करते’ हे वाक्य आधीच ठरवून ठेवलं की कुणालाच वाईट वाटत नाही.

दुपारी एकटीला वेळ असेल आणि मन असेल तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था. कुठला मजकूर मूळचा आणि कुठला मागाहून घुसवलेला, यावर ग्रुपमध्ये हमरीतुमरी करणाऱ्यांनी ही जागा पाहायलाच हवी. महाभारताची चिकित्सक आवृत्ती इथं तयार झाली; १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली, काम १९१९ ला सुरू झालं आणि १९६६ ला १९ खंडांत पुरं झालं. ग्रंथालय संशोधकांसाठी आहे, हस्तलिखितं सहज काढून दाखवत नाहीत. आतलं काय पाहता येईल, हे फोन करून विचारा.

सावध : संध्याकाळी टेकडीवर जायचा मोह होतो. फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी सुंदर आहे, पण पहिल्या दिवशी, अंधार पडताना, नव्या ओळखीच्या माणसाबरोबर नको. जायचंच तर दुसऱ्या दिवशी, सकाळच्या फिरणाऱ्यांच्या गर्दीत.

तपासणी : रात्री स्वतःला विचारा, उद्या हिच्याबरोबर सहा तास घालवायला आवडतील का? उत्तर ‘नाही’ असेल तर पेठा एकटीनं पाहा. ‘तब्येत जरा बरी नाही’ एवढं सांगणं पुरे. गप्पांत कुणी खोलीवर येण्याचा आग्रह धरला, पैसे मागितले किंवा तुमच्या नकळत तिसऱ्याला बोलावलं, तर दुसऱ्या दिवसाचा बेत रद्द. अडचण आली तर ११२.

## टप्पा ६ : दुसरा दिवस, सकाळी पेठा, दुपारी विद्यापीठ

पेठा आधी, कारण उन्हाच्या आत चालून होतं. डेक्कनहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून कसबा पेठ स्टेशन. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर आहे, सरकते जिने संपता संपत नाहीत. बदलायला दहा मिनिटं धरा.

शनिवारवाडा उघडताच गाठा. आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला. तट, दरवाजे आणि जोती उरलीत. ‘आत काहीच नाही’ म्हणून वैतागणारे हे माहीत नसल्यामुळे वैतागतात. तटावरून चालून या. ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, फोटो हातानेच काढा. फॅन्डमचा पोशाख घालायचा असेल तर जागेचं भान ठेवा. देवळात आणि स्मारकात तो नको.

तिथून लाल महाल, मग कसबा गणपती, सगळं चालत. दहा-साडेदहाच्या पुढे अप्पा बळवंत चौक. पुस्तकांच्या दुकानात ‘काहीतरी दाखवा’ म्हणू नका. लेखक, नाव, प्रकाशन लिहून न्या, काउंटरवरचा माणूस दोन मिनिटांत काढून देतो. खरेदी इथंच उरका, कारण दुपारी एकनंतर जुन्या दुकानांचं शटर अर्धं खाली येतं.

भिडेवाडा शोधणाऱ्यांसाठी: १८४८ ची मुलींची शाळा जिथं भरली ती बुधवार पेठेतली जुनी इमारत २०२३ च्या डिसेंबरात पाडली, राष्ट्रीय स्मारकासाठी. जुना वाडा पाहायला मिळेल या अपेक्षेने जाऊ नका. त्याऐवजी गंज पेठेतला महात्मा फुले वाडा गाठा. चालत लांब पडतं, रिक्षा करा, मीटरनेच.

यापुढे केळकर संग्रहालय किंवा विश्रामबागवाडा यातलं एकच निवडा. केळकर संग्रहालयाला दोन तास तरी लागतात. दोन्ही कोंबली की दुपारचा विद्यापीठाचा बेत बोंबलतो.

जेवून तीनच्या सुमारास गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात. मुख्य इमारत म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचं जुनं निवासस्थान, विद्यापीठ आलं १९४९ मध्ये. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेगच्या काळातला इंग्रज अधिकारी रँड इथल्याच समारंभातून परतत होता आणि चापेकर बंधूंनी त्याला गणेशखिंड रस्त्यावर गाठलं. खान्देशातली कॉलेजंही १९९० पर्यंत याच विद्यापीठाखाली होती, तेव्हा घरातल्या मोठ्यांची पदवी इथलीच असण्याचा संभव दांडगा. इमारतीचा एक फोटो त्यांना पाठवा, फोन येतोच. आत सोडतील असं धरून चालू नका. बाहेरून एक फेरी, हिरवळीजवळ थोडं बसणं, झाडांखालचे रस्ते, दीड-दोन तास पुष्कळ. पाण्याची बाटली भरून न्या.

संग्रहालयं आणि भाषाशास्त्र यात जास्त रस असेल तर विद्यापीठ सोडून येरवड्याचं डेक्कन कॉलेज घ्या. संस्थेचं मूळ १८२१ चं. पुरातत्त्व आणि मराठ्यांच्या इतिहासाची संग्रहालयं आवारातच आहेत. १९४८ पासून चालू असलेला संस्कृतचा महाकोश अजून पुरा व्हायचाय, धीर कशाला म्हणतात ते तिथं कळतं. मात्र हे शुक्रवारी दुपारी करा, वेळ आधी विचारून. शनिवारी कुलूप दिसलं तर बोल कुणाला लावणार?

खर्च. प्रत्येक चहाला ‘मी देते, मी देते’ नको. दिवसभर एकीनं द्यायचं, रात्री हिशेब करून निम्मे यूपीआयनं. कुणाची ऐपत कमी-जास्त असेल तर खानावळ निवडतानाच विचार करा.

## टप्पा ७ : निघताना आणि पोचल्यावर

परतीच्या ट्रॅव्हल्सचा पिकअप पॉइंट आणि उतरण्याचा थांबा एकच असेल असं गृहीत धरू नका. तिकिटावर लिहिलेल्या जागी पाऊण तास आधी पोचा. शुक्रवार-शनिवारच्या रात्री नगर रस्ता तुंबतो आणि बसवाला फोन उचलत नाही. मैत्रीण सोडायला येणार असेल तर तिच्या परतीची सोय आधी पाहा. रात्री अकराला तिला एकटीला थांब्यावर उभं ठेवून तुम्ही बसमध्ये चढायचं, हे बरं नाही.

फोटो त्या क्षणी टाकू नका. दोघी घरी पोचल्यावर, एकमेकींना दाखवून, मगच. होस्टेलची पाटी, खोलीचा नंबर, गाडीची नंबरप्लेट दिसत असेल तर कापा. भेटीत तिनं ग्रुपमधल्या कुणाबद्दल काही सांगितलं असेल तर ते तिथंच ठेवायचं. त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही, पण ‘ती म्हणाली’ एवढ्यावर ग्रुप फुटतात.

घरी दिलेल्या कागदावर पोचल्याची वेळ टाका आणि मैत्रिणीच्या आईलाही ‘पोचले, काकू’ असा एक मेसेज करा.